दया आणि न्याय

धर्माने समाजकारणात पडू नये, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. एल साल्वाडोर व ग्वाटेमालातील यादवीतून पळालेल्या बहुतेकांना अमेरिकन सरकार निर्वासित मानीत नव्हते. तेव्हा लॉस एंजलिसच्या ला प्लासिता चर्चचे धर्मगुरू लुईस ऑलिव्हारेस यांनी १२ डिसेंबर १९८५ रोजी आपले चर्च त्यांचे आश्रयस्थान म्हणून जाहीर केले. ते स्वतः मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातले. बेघर निर्वासित रात्री चर्चच्या बाकांवर झोपत. उपाशी माणसाला जेवू घालणे ही दया. सरकारचा रोष पत्करून त्याला उघडपणे आपला म्हणणे हा न्याय. दयेचे कौतुक होते, न्यायावर खटले भरतात. अशाच आश्रयकार्याबद्दल १९८६ साली टक्सनमध्ये आठ कार्यकर्ते दोषी ठरले. एवढी जोखीम ज्या धर्माला नको, तो देवळातला असो की चर्चमधला, परमुलखातून आपल्या वस्तीत आलेल्या माणसाच्या काय कामाचा?