कलेची कीर्द

वाणिज्य शाखेत आल्यावर आम्हाला पहिली गोष्ट शिकवली जाते ती अशी की, व्यवहार झाला की त्याची नोंद त्याच दिवशी कीर्दीत करावी. खतावणी मागाहून, तेरीज त्याच्याही मागाहून, ताळेबंद तर वर्षअखेरीला. पण कीर्द आजची आजच. नुसता आकडा लिहूनही भागत नाही. नोंदीखाली एका ओळीचे स्पष्टीकरण लागते. ज्याची कीर्द नाही, त्याच्या पुढच्या कुठल्याच हिशेबावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा नियम मी परीक्षेत अनेकदा लिहिला आणि त्याचे गुणही मिळवले. पण तो घरालाही लागू पडतो, हे मला आजी गेल्यावर कळले.

आजी अथणीकडची. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालते. आजी मात्र कन्नडच बोले. पहाटे अंगण सारवून ती रांगोळी काढायला बसली की बोटांतून ठिपके असे पडत की जणू कोणी फूटपट्टी धरली आहे. ठिपक्यांना ती ‘चुक्की’ म्हणे. प्रत्येक रांगोळीला तिच्याकडे नाव होते आणि बहुतेकींसोबत एखादे गाणेही होते. मी दारातून सायकल काढताना ती रांगोळी रोज ओलांडली. वीस वर्षांत एकदाही बसून पाहिली नाही. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड बोलता येते, लिहिताना हात अडतो. ही सबब मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली. पण रांगोळी कागदावर उतरवायला कुठली लिपी लागते?

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की, आपल्यापैकी प्रत्येकाने कलेची एक वही ठेवावी. रोज डोळ्यांसमोर येणारे, कानांवर पडणारे जे काही मनाला थांबवते, ते तिच्यात रेखाटावे, लिहावे, चिकटवावे. इंग्रजीत अशा वहीला ‘आर्ट जर्नल’ म्हणतात. गंमत अशी की, आमच्या कीर्दीलाही इंग्रजीत ‘जर्नल’च म्हणतात. तेव्हा हा विषय कला शाखेचा आहे, आमचा नाही, असे वाणिज्यवाल्यांनी म्हणू नये.

ही गोष्ट माझ्या मनात पक्की झाली ती माळव्यात. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी देवासला आत्याकडे गेलो होतो. देवास म्हटले की आम्हाला नोटांचा छापखाना आठवतो. पण आत्याच्या यजमानांनी, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो, मला पहिल्या दिवशी नेले ते चामुंडेच्या टेकडीकडे. तिच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर आहे. जाता जाता मामांनी त्यांची हकीकत सांगितली.

कुमार गंधर्व हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. जन्म १९२४ चा, घरची भाषा कन्नड, मूळचे नाव शिवपुत्र. गाण्याचे शिक्षण त्यांनी मुंबईत देवधर मास्तरांकडे घेतले. क्षयाने गाठले म्हणून हवापालटासाठी १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. गायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. ज्याचा गळा हेच सर्वस्व, त्याने सुमारे पाच वर्षे अंथरुणावर गप्प पडून राहायचे! त्या काळात माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानांवर पडत राहिली. लग्नातली गाणी, सणांची गाणी, पावसाची गाणी. ती भाषा त्यांच्या घरची नव्हती. त्या गाण्यांना मैफलीत मानही नव्हता. पण त्यांनी ती ऐकली, गोळा केली, त्यांची स्वरलिपी करून ठेवली. पुढे १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा हे धन त्यांच्यापाशी होते. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे राग अशा लोकधुनांतून उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या बंदिशीही स्वरलिपीसह १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात छापून आल्या.

हे सांगून झाल्यावर मामांनी सहज विचारले, “तुझी आजी कन्नडच ना रे? तिची गाणी येतात तुला?”

मी टेकडीच्या पायऱ्यांकडे पाहत राहिलो. आपल्या मुलखातला एक माणूस दूरदेशी जाऊन परक्या बायकांची गाणी टिपून ठेवतो, आणि मी घरातल्या बाईचे एक गाणे टिपू शकलो नाही. मला तर क्षयही झाला नव्हता!

त्याच टेकडीची आणखी एक हकीकत आहे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून सहा महिने इथे राहिला. घरी आईला आणि आप्तांना तो पत्रे लिहीत असे. दरबार, सण, आपली स्वतःची फजिती, जे दिसेल ते तो त्या त्या दिवशी लिहून टाकी. ती पत्रे जपून राहिली आणि १९५३ मध्ये त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक झाले. ‘देवीची टेकडी’ ती हीच. तोवर देवास संस्थान भारतात विलीन झाले होते. पण त्या दरबाराचे कितीतरी बारीकसारीक तपशील त्या पत्रांत राहून गेले.

दोन दिवसांनी आम्ही धारला गेलो. मराठी माणसाला धार ठाऊक असते ती पवारांची म्हणून, आणि गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके तिथे स्थायिक झाले म्हणून. मला मात्र तिथे सर्वांत मोलाची वाटली ती बाघच्या लेण्यांची गोष्ट. ही लेणी आज धार जिल्ह्यात येतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तिथल्या भिंतींवर नर्तकी, हत्ती, घोडे यांच्या मिरवणुका रंगवल्या गेल्या. पण तिथला खडक मऊ आणि पाणी झिरपणारा, म्हणून चित्रे विरत चालली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना बोलावून त्यांच्या नकला करून घेतल्या. नंदलाल बोसांसारखा चित्रकार. पण त्याने तिथे स्वतःचे काही न काढता समोरची रेघ जशी होती तशी उतरवून घेतली. पुढे १९८२ मध्ये उरलीसुरली चित्रे भिंतीवरून काढून सुरक्षित ठेवावी लागली. आता भिंतीवर काय होते हे समजून घ्यायला त्या नकलांचाच आधार.

आता कोणी म्हणेल, ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. माझा हात चांगला नाही, मी कसली वही ठेवू? पण कीर्द लिहायला सुंदर अक्षर लागते, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? तिथे खरेपणा लागतो आणि तारीख लागते. दुसरे कोणी म्हणेल, खिशातल्या मोबाइलने फोटो काढला की झाले. मीही तसेच समजत होतो. आजीच्या रांगोळीचा एक फोटो आमच्याकडे आहे, चुलतभावाच्या लग्नातला. परत आल्यावर तो समोर ठेवून रांगोळी वहीत काढू लागलो, तर काढता येईना. रेघ कुठून सुरू झाली, कुठल्या ठिपक्याला वळली, आधी काय आणि मग काय, हे फोटोत नव्हते. ताळेबंद हाती होता, कीर्द नव्हती. फोटो काढताना आपण क्षणभर पाहतो. रेखाटताना मात्र वस्तू पुन्हा घडवावी लागते, म्हणून ती समजते.

शेवटी आईला घेऊन बसलो. ती फरशीवर काढी, मी वहीत. तिला आजीच्या अकरा रांगोळ्या येतात, बाकीच्या गेल्या. तावरे म्हणजे कमळ, तोट्टिलु म्हणजे पाळणा, ही नावे मी देवनागरीत लिहून घेतली आणि वर्गातल्या कन्नड मित्राकडून ती कन्नड अक्षरांत तपासून घेतली. एका रांगोळीला आई मध्येच थांबली आणि म्हणाली, “इथून पुढे आठवत नाही रे.” ते पान मी तसेच अर्धे ठेवले आहे. खाली तारीख आहे, आणि स्पष्टीकरणात लिहिले आहे: ‘पुढचे गेले.’

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी माझे चार अनुभव. वही महाग घेऊ नये. महागड्या वहीत चुकायची भीती वाटते. बिनरेघांची साधी वही पुरते. दिवसाला एकच नोंद, पण त्याच दिवशी, तारखेसह आणि एका ओळीच्या स्पष्टीकरणासह. पान फाडू नये. कीर्दीत खाडाखोड लपवत नाहीत, ती रेघ मारून दाखवतात. आणि एखादा आठवडा बुडाला, तर वही बंद झाली असे समजू नये. माझ्या मागच्या दोन डायऱ्या जानेवारीतच संपल्या, कारण एक दिवस चुकला की मला उरलेल्या वर्षाची लाज वाटू लागे.

जाता जाता प्राध्यापकांना आणि संपादक मंडळाला एक विनंती. आपल्या नियतकालिकात मराठी विभाग आहे, कन्नड विभाग आहे. दोहोंच्या मध्ये कोरी भिंत आहे. पुढच्या अंकात चार पाने विद्यार्थ्यांच्या अशा वह्यांसाठी ठेवावीत, दोन्ही विभागांना सामाईक. रांगोळीला, कशिद्याच्या टाक्याला, बैलाच्या झुलीवरच्या नक्षीला भाषांतर लागत नाही. मात्र त्याला गुण देऊ नयेत आणि स्पर्धाही ठेवू नये. गुण आले की आपण वही परीक्षकासाठी लिहू लागतो.

मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी माझा हा लेख पुरा वाचला नाही तरी चालेल. उद्या पहाटे उठा आणि वही घेऊन अंगणात जाऊन बसा.