मोटार चालकाविना, कीं जबाबदारीविना?

चालकावांचून धांवणाऱ्या मोटारीची गोष्ट निघाली कीं सुशिक्षितांच्या बैठकींत एक प्रश्न हटकून येतो : एक म्हातारा व एक मूल अशीं दोघें समोर आलीं, तर मोटारीनें कोणास वांचवावें? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या-संस्थेच्या संशोधकांनीं असलेच पेंच जगभरच्या लोकांपुढें मांडले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत सुमारें ४ कोटि उत्तरांची मोजदाद आहे. फुकटचें न्यायासन कोणास नको असतें? २०१६ सालच्या एका पाहणींत, आंतल्या उतारूचा बळी देऊन अनेक वाटसरू वांचविणारी मोटारच बहुतेकांनीं नीतीची ठरविली. स्वतःसाठीं तशी विकत घेण्यास मात्र ते नाखूष दिसले!

प्रत्यक्षांत काय घडलें तें पाहावें. २०१८ च्या मार्चमध्यें ॲरिझोना राज्यांतील टेंपी शहरीं रात्रीं सायकल हातांत धरून रस्ता ओलांडणारी एक बाई उबर कंपनीच्या परीक्षणार्थ फिरणाऱ्या मोटारीची धडक बसून मेली. तेथें निवडीचा प्रश्नच नव्हता. सरकारी चौकशीमंडळाच्या अहवालाप्रमाणें धडकेपूर्वीं ५ सेकंदांहून अधिक वेळ यंत्राला ती दिसत होती. पण ती कधीं मोटार ठरे, कधीं सायकल, कधीं 'इतर'. माणूस ती एकदांही ठरली नाहीं. आंखलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडील, ही गोष्ट यंत्राच्या रचनेंत धरलेलीच नव्हती. मूळ मोटारींतील आपोआप ब्रेक लागण्याची सोयही परीक्षणाच्या वेळीं बंद ठेवलेली. हे निर्णय मोटारीचे नव्हेत. मेजाशीं बसलेल्या शहाण्या माणसांचे आहेत.

आणि जाब कोणीं दिला? कंपनीवर फौजदारी खटला होत नाहीं, असें सरकारी वकिलानें २०१९ सालीं ठरविलें. देखरेखीसाठीं आंत बसविलेल्या नोकरावर मात्र तो झाला, आणि २०२३ सालीं गुन्हा कबूल केल्यावर ३ वर्षें सरकारी देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा मिळाली. त्या नोकराचें लक्ष फोनकडे होतें, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. पण कांहीं न करतां तासन् तास जागरूक राहणें किती कठीण, हें परीक्षागृहांत पर्यवेक्षण केलेल्या कोणाही प्राध्यापकास विचारावें.

'माणसांच्या हातच्या मोटारी काय कमी मारतात?' असें यावर कोणी म्हणतील. खरें आहे, जगांत रस्त्यांवर दरवर्षीं सुमारें १२ लाख माणसें मरतात, आणि यंत्रानें हा आंकडा उतरला तर आम्हांस आनंदच आहे. परंतु 'इतरांपेक्षां माझे रोगी कमी दगावतात, सबब दगावलेल्यांविषयीं मला विचारूं नका', असें म्हणणाऱ्या वैद्यास आम्ही उंबऱ्याआंत घेऊं काय? मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वीं तिच्या रचनेंत काय गृहीत धरलें, काय वगळलें, हें कर्त्यांनीं छापून जाहीर करावें, आणि त्याखालीं पगारी नोकराची नव्हे, मालकाची सही असावी.