गुर्द्यांची ऊब आणि मामूंची डबी

गेल्या महिन्यात आमच्या मामूंनी एक डबी आमच्यापुढे ठेवली. जावयाने दुबईहून पाठवलेली. "तू शाळेत शिकवतोस, वाचून सांग यात काय आहे." मामूंना बरीच वर्षे साखरेचा आजार. रात्री चार-चार वेळा उठावे लागते, कंबर धरते, पाय गार पडतात. कुणी तरी सांगितले, गुर्दे थंड पडलेत, त्यांना ऊब हवी.

डबीवरची अक्षरे चिनी होती. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत नाव होते: 'जिन ग्वेइ शेन छी वान'. शेन म्हणजे मूत्रपिंड, छी म्हणजे प्राणशक्ती, वान म्हणजे गोळी. जिन ग्वेइ म्हणजे सोन्याची पेटी; ज्या ग्रंथात हा नुस्खा आहे त्याच्या नावातले हे शब्द. ग्रंथकर्ते वैद्य झांग झोंगजिंग सुमारे अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांच्या कुटुंबकबिल्यात दोनशेहून अधिक माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यातली दोन-तृतीयांश गेली, बहुतेक तापाने. त्या दुःखातून आपण वैद्यकाकडे वळलो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

नुस्ख्यात आठ वस्तू आहेत. दिहुआंग नावाचे मूळ 8 भाग, रानकंद आणि एक आंबट फळ प्रत्येकी 4 भाग, आणखी तीन औषधी प्रत्येकी 3 भाग. शेवटी दालचिनीच्या जातीची कोवळी काडी 1 भाग आणि बचनागाच्या जातीचे मूळ 1 भाग. म्हणजे 27 भागांत गरम औषधे फक्त 2. चिनी वैद्य म्हणतात, विस्तव मंद हवा. भडका उडाला तर भांडेच करपते. पुढे छ्यान यी या बालवैद्यांनी ही दोन गरम औषधे काढून मुलांसाठी सहा वस्तूंची गोळी केली. तीही आजवर चालते.

दालचिनी हा शब्दच फारसी 'दारचीनी'वरून आला. दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचे. आपल्या हकिमांच्या गर्म-सर्द मिजाजाची सवय असलेल्या घराला ही भाषा परकी वाटत नाही. पण घोटाळा इथेच होतो. चिनी वैद्यांचा 'शेन' म्हणजे केवळ पाठीतले दोन गुर्दे नव्हेत. वाढ, संतती, हाडे, कान, म्हातारपण, सारे त्यात येते. त्यामुळे त्यांनी 'शेन कमजोर' म्हटले म्हणजे गुर्दे बिघडलेच असे नाही. आणि गुर्दे खरोखर बिघडले असतील तर ते नाडीवरून नव्हे, रक्त-लघवीच्या तपासणीतून कळते.

आणखी दोन गोष्टी मामूंना सांगणे भाग होते. एक, मूळ ग्रंथात या मधात वळलेल्या गोळ्या मद्याबरोबर घ्यायला सांगितल्या आहेत. मामू चपापले. आता त्या पाण्याबरोबरही घेतात, हे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. बचनाग, ज्याला उर्दूत मीठा तेलिया म्हणतात, तो विषारी. नीट शोधला नाही तर जीभ बधिर होते, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावतोही. जाणता वैद्य तो शोधून, मोजून देतो. डबीवर मात्र वैद्य नसतो.

बेल्जियममधली हकिकतही सांगितली. 1990च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. नावातल्या सारखेपणामुळे एका मुळाऐवजी दुसरेच विषारी मूळ त्यात गेले. शंभरावर बायकांचे गुर्दे बिघडले. ते मूळ मामूंच्या नुस्ख्यात नाही. पण डबीत खरोखर काय भरले आहे, हे नाव वाचून कळत नाही, एवढे त्यावरून समजावे.

मामू थोडे रुसले. "जावयाने एवढ्या प्रेमाने पाठवली." आम्ही म्हटले, प्रेम ठेवून घ्या, गोळी थांबवा. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. लघवीत प्रथिने जात होती, क्रिएटिनिन थोडे वाढलेले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. साखर आणि रक्तदाबाची औषधे बदलली, मीठ कमी केले, कंबरदुखीची रोजची गोळी बंद केली. ती गोळी मामू कुणाला न विचारता वर्षभर घेत होते!

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी डबी असेल. चिनी असो, युनानी असो की आयुर्वेदिक, डॉक्टरांकडे जाताना ती पिशवीत टाका आणि त्यांच्यापुढे ठेवा. लाजू नका. आणि घरात साखरेचा रुग्ण असेल तर वर्षातून एकदा लघवी-रक्ताची तपासणी चुकवू नका. गुर्दे दुखून सांगत नाहीत, मुकाट्याने झिजतात.