आधी त्याची तपासणी

गणपतीला मुंबईकर गावी आले की रत्नागिरीतल्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या जोडप्याला विचारलं जातं, "काय मग, गोड बातमी कधी?" विचारतात दोघांना, पण बघतात सगळे तिच्याकडे. पुढे उपास तिने करायचे, ग्रामदेवतेला नवस तिने बोलायचा, सोनोग्राफी तिची, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा दुखरा एक्स-रेही तिचाच. एवढं करून काही सापडलं नाही, की कुणीतरी चाचरत म्हणतं, "ह्याचंही एकदा बघायला हवं."

हा क्रम उलटा आहे. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. आणि वीर्यतपासणीला ना सुई लागते, ना भूल. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळायचं आणि लॅबने दिलेल्या डबीत नमुना द्यायचा. इतकी सोपी तपासणी शेवटी का येते? कारण पुरुषाला रिपोर्टची नाही, शब्दाची भीती वाटते. त्याला वाटतं, शुक्राणू कमी निघाले म्हणजे आपण 'नपुंसक' ठरलो. खरं तर शुक्राणूंची संख्या आणि लैंगिक क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्याच्या या गैरसमजाची किंमत ती 'वांझ' हा शब्द ऐकून मोजते.

आता विज्ञानाने यात आणखी एक गोष्ट आणली आहे. निरोगी माणसाचं वीर्य निर्जंतुक असतं, असं बराच काळ मानलं जायचं. जनुकीय तपासणीत दिसलं की त्यातही जिवाणूंची वस्ती असते. २०२४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ७३ पुरुषांचं वीर्य तपासलं. ज्यांच्या शुक्राणूंची हालचाल कमी होती, त्यांच्यात 'लॅक्टोबॅसिलस इनर्स' हा जिवाणू जास्त आढळला. हा जिवाणू एरवी ओळखीचा आहे तो योनिमार्गातला. शरीरसंबंधात जिवाणूंची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. मग 'दोष कुणाचा' या प्रश्नाला काय अर्थ उरला?

७३ हा आकडा लहान आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. त्यामुळे उद्या इन्स्टाग्रामवर कुणी 'वीर्यासाठी प्रोबायोटिक' विकायला आलं, तर पैसे खिशातच ठेवा. पण संशोधन पूर्ण होईपर्यंत थांबायचं कारण नाही. साधी तपासणी आजच उपलब्ध आहे. पहिला रिपोर्ट वाईट आला तर तो शेवटचा शब्द नसतो. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तपासणी पुन्हा करता येते. संसर्ग सापडला तर त्यावर औषध असतं, आणि तंबाखू सोडायला तर डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलणारा माणूस याच मातीतला. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्वे तो खटला हरले, तरी मासिक १९५३ पर्यंत चालू राहिलं.

त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. तुम्हाला फक्त लॅबच्या चढायच्या आहेत. तिची अपॉइंटमेंट घेण्याआधी स्वतःची घ्या. आणि या गणपतीत तो प्रश्न आला, तर उत्तर तुम्ही द्या.