बालसमर्पण: कर्ता कोण?

‘बालसमर्पण’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे, आणि त्याच्या विग्रहातच सारा घोटाळा आहे. बालक समर्पण करते की बालकाचे समर्पण केले जाते, हे समास सांगत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील या विधीविषयी बोलताना बाहेरचे टीकाकार आणि आतले काही उपदेशक हा घोटाळा दोन्ही बाजूंनी वाढवतात. टीकाकार म्हणतात, हा नवसाचाच ख्रिस्ती अवतार. उपदेशक म्हणतात, देवाने वचन पाळले, आता त्याचे मूल त्याला द्या. आमच्या मते ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

विधी मुळात साधा आहे. बाप्तिस्त, पेंटेकॉस्टल आणि तत्सम मंडळ्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करीत नाहीत. आईवडील मुलाला मंडळीपुढे आणतात, पाळक आशीर्वाद मागतो, आणि आईवडील व मंडळी त्याला श्रद्धेत वाढवण्याचे वचन देतात. बाप्तिस्म्याचा निर्णय त्याच्या जाणत्या वयावर सोडलेला असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा शिशुबाप्तिस्मा मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या परंपरा एकत्र आल्या व दोन्ही रीतींना जागा मिळाली. या विधीत वचन देतात ते प्रौढ. मूल काहीच देत नाही आणि कशाच्या बदल्यात दिलेही जात नाही.

मग नवस आला कुठून? तो मराठी बायबलातूनच आला. हन्नाने शिलो येथे जे केले त्याला आपल्या भाषांतरांनी ‘नवस’ म्हटले, आणि दुसरा शब्द तरी कोणता होता? परंतु शब्दाबरोबर त्याचा व्यवहारही आला: माणूस बोलतो, देव पावतो, माणूस फेडतो. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. नवस फेडण्यासाठी पाठीत गळ टोचून घेण्याच्या प्रथेसाठी ती ओळखली जाते. ही प्रथा कोणाला पटो वा न पटो, तेथे फेडणारा स्वतःची पाठ देतो. खंडोबाला वाहिलेल्या मुरळीची गोष्ट वेगळी. तेथे नवस आईबापांचा, आणि फेड मुलीच्या आयुष्याची.

ही सीमारेषा हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यामधली आहे, असे मानण्याचे कारण नाही. शास्ते या पुस्तकातला इफ्ताह नवस बोलतो आणि त्याची किंमत त्याची एकुलती मुलगी मोजते. उलट निर्गम आणि गणना ही पुस्तके सांगतात, की प्रथम जन्मलेला मुलगा देवाचा खरा, पण त्याला मोल देऊन सोडवून घ्यावे. गणनेत ते मोल पाच शेकेल ठरले आहे. मूल हे फेडीचे नाणे नव्हे, हा विचार परंपरेत होता. उपदेशात तो मागे पडला.

समर्पण या शब्दाचा खरा कर्ता पाहायचा असेल तर त्याच मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाकडे पाहावे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, शिकलेले वकील. आझाद दस्त्याची वाट त्यांनी जाणतेपणी धरली होती. त्यांना कोणी वाहिले नव्हते. श्रद्धेतले समर्पणही याच जातीचे असते आणि ते दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. तान्ह्याचा बाप्तिस्मा नाकारणाऱ्या मंडळ्यांनी तरी हे विसरू नये.

वचनपूर्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. हन्नाला दिले तसे तुलाही देईल, असे मूल नसलेल्या बाईला सांगितले जाते, तेव्हा त्या कथेची हमीपत्रिका होते. मूल झाले नाही, की उणेपणा तिच्या श्रद्धेत शोधला जातो. हे क्रूर आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही. लूककृत शुभवर्तमानात शिमोनाला दिलेले वचन मंदिरात पुरे होते आणि त्याच क्षणी तो मरियेला तिच्या जिवातून आरपार जाणाऱ्या तलवारीविषयी सांगतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर वचनपूर्ती न पाहताच मेलेल्यांना श्रद्धावंत म्हटले आहे.

साहित्याच्या वर्गात हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने यायला हवा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्याबरोबर लहानग्या मनोरमेचाही झाला. पुढे मुलीच्या धार्मिक शिक्षणावरून रमाबाईंचा तेथील भगिनींशी झालेला वाद त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. मनोरमा १९२१ मध्ये वारली, आई १९२२ मध्ये. आपण रमाबाईंचा निर्णय शिकवतो, त्याच्या धाडसाविषयी लिहितो. बाबा पदमनजींचा, टिळकांचाही शिकवतो. मनोरमा मात्र आपल्या लेखी आईच्या कार्याला वाहिलेली मुलगी म्हणूनच राहते. तिने स्वतः काय निवडले, हे आपण विचारत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची आपली समीक्षा निर्णय घेणाऱ्यांपाशी थांबते. पाळण्यात श्रद्धा मिळालेल्यांना तिच्यात जागा नाही.

विधी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यात आईबाप मुलासमोर स्वतःला बांधून घेतात, हे आम्हांला मोलाचे वाटते. तेव्हा त्याला पालकांचे वचन म्हणावे. समर्पण हा शब्द त्या मुलासाठी राखून ठेवावा. मोठेपणी ते त्याचा उपयोग करील किंवा करणार नाही.