जुन्या जीपचा खटका

जुनी फोर-व्हील जीप क्लच सोडताच ‘खट्’ करते? लगेच गिअरबॉक्स उघडू नका. सपाट जागी इंजिन बंद करून चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून पाहा. क्रॉसपाशी ढिलेपणा जाणवला, तर आधी तो बदला. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना घूंघूं आवाज बदलत असेल, तर डिफरन्शियलचे तेल तपासा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळताना गाडी अडखळते, तो मात्र बिघाड नव्हे. तिथे फोर-व्हील काढूनच चालवा.

गाडी विकणार असाल, तर सापडलेला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगा. ऐब लपवून माल विकणे इस्लाममध्ये जायज नाही. शिवाय उद्या घाटात त्याच गाडीत कुणाची तरी लेकरे बसणार आहेत.