आलंबन कोणते निवडावे?

परीक्षा जवळ आली की आपल्याकडे एकाग्रतेवर व्याख्याने सुरू होतात. “डोळे मिटा आणि मन कशावरही लावा, दिव्याच्या ज्योतीवर लावा, भिंतीवरच्या ठिपक्यावर लावा. वस्तूला महत्त्व नाही, मन लागण्याला महत्त्व आहे,” असे वक्ते सांगतात. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. पण वस्तूला महत्त्व नाही हे म्हणणे मला आज मान्य नाही, आणि का मान्य नाही ते या लेखात सांगावयाचे आहे.

बौद्ध परंपरेत चित्त शांत आणि स्थिर करण्याच्या साधनेला शमथ म्हणतात, आणि ज्यावर चित्त ठेवायचे त्याला आलंबन किंवा कर्मस्थान. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्यात अशी चाळीस कर्मस्थाने आहेत. माती, पाणी, अग्नी, रंग इत्यादी दहा कसिणे, प्रेताच्या दहा अवस्था, दहा अनुस्मृती, मैत्री-करुणादी चार ब्रह्मविहार, आणि उरलेली सहा. कशावरही मन लावून भागत असते, तर चाळिसांची यादी करून प्रत्येकाची वेगळी रीत सांगण्याचा खटाटोप आचार्यांनी कशाला केला असता?

हा ग्रंथ आपल्यापर्यंत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांनी संपादिलेली विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने काढली, आणि ‘समाधिमार्ग’ या पुस्तकातून त्यांनी ही कर्मस्थाने मराठीत समजावून दिली. तेव्हा भाषेची अडचण आपल्याला नाही.

बुद्धघोष माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार मानतात : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. विषयांत रमणाऱ्याला अशुभ आणि देहाची चिकित्सा; चटकन संतापणाऱ्याला मैत्री किंवा निळा-पिवळा-तांबडा-पांढरा असा रंग; श्रद्धाळूला बुद्ध, धम्म, संघ यांचे गुणस्मरण; बुद्धिप्रधान माणसाला मरणस्मृती; आणि ज्याचे मन मोहात बुडते किंवा विचारांच्या मागे धावते त्याला आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान. माती, पाणी यांसारखी कसिणे सर्वांनाच चालतात. स्वभाव ओळखावा कसा? तर माणूस चालतो कसा, जेवतो कसा, झाडतो कसा ते पाहून. द्वेषी माणूस केरसुणी आवळून धरतो आणि खसाखसा आवाज करीत झाडतो, असे त्यात आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मित्रांनी आपापल्या खोलीत हा प्रयोग करून पाहावा! मात्र ही लक्षणे मूळ पालीत किंवा अट्ठकथेत नाहीत, केवळ आचार्यांच्या मताने दिली आहेत, हेही बुद्धघोष प्रामाणिकपणे नोंदवतात.

निवड चुकली तर काय होते याच्या कथा जुन्या ग्रंथांत आहेत. सारिपुत्तांनी सोनाराच्या एका तरुण मुलाला अशुभ भावना दिली. तरुण वयात विषयवासना प्रबळ असणार, असा त्यांचा कयास. महिन्यांमागून महिने गेले, काही साधले नाही. शेवटी बुद्धांनी त्याच्यापुढे सुंदर कमळ ठेवले. सोन्याच्या झळाळीत वाढलेले ते मन तिथे लगेच स्थिरावले, आणि पुढे ते कमळ कोमेजताना पाहून त्याला अनित्यता उमगली. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याला बुद्धांनी पांढरे फडके हातात देऊन ते चोळीत बसायला सांगितले. घामाने फडके मळत गेले आणि तो जे समजायचे ते समजला. सारिपुत्तांसारखा ज्ञानी गुरूही जिथे चुकू शकतो, तिथे आपण पुस्तक चाळून स्वतःच निवड करतो तेव्हा काय होत असेल?

ते मी अनुभवले आहे. आजोबा गेल्यावर मी मरणस्मृती निवडली. स्वतःला बुद्धिप्रधान समजण्याची हौस हे त्याचे खरे कारण. रोज रात्री बसायचो आणि डोळ्यांपुढे आजोबांचा चेहरा आणायचो. दोन आठवड्यांत झोप उडाली, अभ्यास सुटला. नंतर तेच प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा मी वगळून गेलेला भाग सापडला. प्रिय माणसाचे मरण आठवल्याने शोकच उत्पन्न होतो, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. औषध खोटे नव्हते. मी ते चुकीचे आणि चुकीच्या रीतीने घेतले होते.

मग मी मातीकडे वळलो. पृथ्वीकसिणासाठी अरुणोदयाच्या रंगाची तांबूस माती घ्यावी, गवत, मुळे, खडे काढून ती मळावी, आणि एक वीत चार बोटे रुंदीचे गुळगुळीत मंडल करावे, असे ग्रंथ सांगतो. आकारासाठी त्यात सुपाची उपमा आहे. पालीतला शब्द ‘सुप्प’, आपला ‘सूप’. अशा मंडलापासून अडीच हातांवर बसायचे, डोळे ना ताणलेले ना मिटलेले, आणि मनात ‘पृथ्वी, पृथ्वी’ म्हणायचे. मंडल मिटल्या डोळ्यांपुढेही तसेच दिसू लागले म्हणजे पहिली पायरी झाली. आमच्या घोडेगावच्या पश्चिमेला अशा तांबड्या मातीला काय तोटा? मी फळीवर मंडल केले. आजी म्हणाली, “मातीकडं काय बघत बसतोस रे?” मी समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तुझे आजोबा नांगरट झाली की बांधावर बसून असेच बघत बसायचे.” विसुद्धिमग्गात मल्लक नावाच्या थेरांचा उल्लेख आहे. मंडल न करताच, नांगरलेल्या शेतात किंवा खळ्याच्या गोलात ज्यांना हे निमित्त मिळते, त्यांचे ते उदाहरण आहेत. त्या दिवसापासून मला आजोबांची आठवण येते, पण ती टोचत नाही.

काही मित्र विचारतात, घरात विठ्ठलाची पूजा होते, मग बौद्धांचे आलंबन आपण का घ्यावे? आणि बौद्ध घरातले मित्र विचारतात, समोर बुद्धमूर्ती नको का? दोघांनी एकदा लेण्याद्रीला जावे. सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात मूर्ती नाही, नुसता स्तूप आहे. शेजारच्या सातव्या लेण्यात, जुन्या विहारात, गिरिजात्मज आहे आणि भाविकांची रांग आहे. तुळजा लेण्यातल्या गोल चैत्यगृहात बारा खांबांच्या मध्ये पुन्हा साधा स्तूपच. तिथे नमन करणाऱ्यांना भव्य मूर्तीवाचून अडले नाही. श्रद्धा असेल त्याने बुद्धगुणांचे स्मरण जरूर करावे, तो मार्गही चाळिसांत आहे. पण माती आणि श्वास यांवर कोणत्या धर्माची मालकी सांगणार?

आज बहुतेकांना श्वासच सांगितला जातो. १९७६ पासून इगतपुरीला चाललेल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही आरंभ आनापानानेच होतो. ते योग्यच आहे. खिशातला मोबाईल दर घटकेला मन ओढून नेत असताना आपण सारे वितर्कचरित झालो आहोत, आणि वितर्क तोडण्यासाठी आनापान हे मेघिय सुत्तातले बुद्धांचेच सांगणे आहे. पण श्वासावर बसून कोणी अधिकच अस्वस्थ होत असेल, तर ‘तुझे मनच नालायक’ असे त्याला म्हणू नये. त्याचे आलंबन बदलून पाहावे.

आणि एकदा जमले की मात्र बदलू नये. दर आठवड्याला नवे आलंबन घेणे म्हणजे दहा ठिकाणी हात-हात खोदून विहिरीला पाणी नाही म्हणणे होय. निवड करताना थोर काय ते पाहू नका. आपल्याला मानवेल आणि हाताशी असेल असे साधे काही घ्या. आपल्याला ओळखणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी विचारा. ग्रंथ त्याला कल्याणमित्र म्हणतो. आपल्या गुरुजनांत असे कोणी सापडले, तर पुढच्या व्याख्यानात ‘कशावरही मन लावा’ असे ऐकण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.